परक्या शहरांत सेवेला जातांना

गेल्या पंधरवड्यांत आमच्या ओळखीच्या एका घरीं एक लहानसा पेंच उभा राहिला. त्या घरची मुलगी बावीस वर्षांची. नुकतीच पदवीधर झालेली. तिनें आपल्या धर्मसंस्थेकडे एक वर्षाच्या सेवेसाठीं नांव नोंदविलें, आणि संस्थेनें तिला जें शहर नेमून दिलें तें घरापासून दोन रात्रींच्या आगगाडीच्या प्रवासावर निघालें. वडिलांनीं नकाशा पाहिला, भावानें गाड्यांचें वेळापत्रक पाहिलें, आईनें मात्र एकच प्रश्न विचारला : “तिथें तिचें कोण आहे?” मुलगी म्हणाली, “संस्था आहे.” आई म्हणाली, “संस्था कांहीं ताप आल्यावर उशाशीं बसत नाहीं.”

या दोन वाक्यांत माझ्या आजच्या भाषणाचा सारा विषय आलेला आहे. सेवेची आवड असणें ही एक गोष्ट आणि परक्या शहरांत रुजणें ही अगदीं वेगळी गोष्ट. पहिली मनांतून येते. दुसरी शिकावी लागते. ती कशी शिकतात, पूर्वीं कोणी शिकली, आणि शिकतांना काय सोसावें लागलें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम हा प्रकार काय आहे तें थोडक्यांत पाहूं. धर्मासाठीं घर सोडणें आपल्याकडे नवें नाहीं. वारकरी दरसाल घर सोडतो, पण परत येण्यासाठीं. संन्यासी घर सोडतो तो कायमचें. मी ज्या तरुणांविषयीं बोलत आहें ते या दोघांच्या मधले. ते वर्ष दोन वर्षांसाठीं जातात. पगार घेत नाहींत, पोटापुरता खर्च तेवढा संस्थेकडून घेतात. आणि अनोळखी शहराच्या एखाद्या गरीब वस्तींत राहून शाळा, दवाखाना, अनाथगृह अशा ठिकाणीं पडेल तें काम करतात. त्यांच्यापाशीं वारकऱ्याची दिंडी नसते आणि संन्याशाची विरक्तीहि नसते. म्हणूनच त्यांचा प्रश्न अधिक अवघड असतो.

या प्रकाराला एक ठळक रूप आलें तें लंडन शहरांत. शहराच्या पूर्व भागांतील व्हाइटचॅपेल ही अत्यंत दरिद्री वस्ती. तेथील सेंट ज्यूड चर्चचे धर्मोपदेशक म्हणून सॅम्युअल बार्नेट हे १८७३ सालीं आपली पत्नी हेन्रिएटा हिच्यासह येऊन राहिले. दहा वर्षें तेथें काढल्यावर त्यांची अशी खात्री झाली कीं, श्रीमंतांनीं गरिबांकडे पैसे पाठविण्यापेक्षां आपलीं शिकलेलीं मुलें पाठवावीं. १८८३ च्या नोव्हेंबरांत ऑक्सफर्ड येथील विद्यार्थ्यांपुढें त्यांनीं ही कल्पना मांडली, आणि १८८४ च्या नाताळच्या आदल्या रात्रीं ‘टॉइन्बी हॉल’ या नव्या वास्तूंत पहिले रहिवासी झोपले. तिसाव्या वर्षीं वारलेल्या आर्नोल्ड टॉइन्बी या अर्थशास्त्रज्ञाचें नांव त्या घराला दिलेलें होतें. रहिवासी आपल्या जेवणाखाण्याचा खर्च स्वतः करीत आणि आपला वेळ वस्तीच्या कामाला देत. पुढें ब्रिटनचे मुख्य प्रधान झालेले, आणि ज्यांच्या कारकीर्दींत १९४७ सालीं हिंदुस्थान स्वतंत्र झाला, ते क्लेमंट ॲटली हेहि तरुणपणीं याच पूर्व लंडनमधील मुलांच्या एका मंडळांत काम करीत राहिले होते, आणि १९१० सालीं ते टॉइन्बी हॉलचे चिटणीस होते. अमेरिकेंतील जेन ॲडम्स या बाईनीं १८८८ सालीं टॉइन्बी हॉल पाहिला आणि दुसऱ्याच वर्षीं, १८ सप्टेंबर १८८९ रोजीं, शिकागो शहरांत आपल्या मैत्रिणीसह ‘हल हाउस’ उघडलें.

बार्नेट यांच्या कल्पनेंतील मर्म कोणतें? तें असें कीं, मदत करणारा पाहुणा नसावा, शेजारी असावा. दानशूर माणूस गाडींतून उतरतो, पैसे देतो आणि गाडींत बसून परत जातो. त्याला दारिद्र्य दिसतें तें दिवसाउजेडीं. गटाराचा वास त्यालाहि येतो; परंतु त्या वासांत झोप लागत नाहीं हें शेजाऱ्यालाच कळतें. नळावरची रांग, घरभाडें वसूल करणाऱ्याचा आवाज, भिंतीपलीकडचें मध्यरात्रींचें खोकणें, हीं पाहुण्याच्या वहींत कधीं येत नाहींत.

येथें एक वाद पहिल्या दिवसापासूनच उभा राहिला, तोहि सांगितला पाहिजे. टॉइन्बी हॉलमध्यें राहावयास कोणत्याहि धर्ममताची अट नव्हती. कित्येक श्रद्धाळू मंडळींना हें पटलें नाहीं. त्यांनीं त्याच सालीं जवळच ‘ऑक्सफर्ड हाउस’ हें चर्चशीं अधिक निगडित असें दुसरें घर काढलें. सेवा ही धर्माचें साधन आहे, कीं सेवा हाच धर्म आहे? हा प्रश्न त्या दोन घरांपुरता मिटला नाहीं आणि आजहि मिटलेला नाहीं. परंतु वस्तींत येऊन राहणारा तरुण कोणत्याहि बाजूचा असो, पहिल्या दिवशीं त्याच्यापुढें जे प्रश्न येतात ते तेच असतात : झोपावयाचें कोठें, बोलावयाचें कोणत्या भाषेंत, आणि कोणाच्या हातचें खावयाचें.

या तीन प्रश्नांचें उत्तर एका व्यक्तीच्या चरित्रांत फार स्पष्ट मिळतें. ती व्यक्ति म्हणजे मार्गरेट नोबल, अर्थात् भगिनी निवेदिता. तिच्या गुरुभक्तीविषयीं आणि देशभक्तीविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. मी तिच्याकडे आज निराळ्या दृष्टीनें पाहणार आहें : एका परक्या शहरांत नवखी म्हणून उतरलेली एक तरुण बाई, एवढ्याच दृष्टीनें.

मार्गरेटचा जन्म २८ ऑक्टोबर १८६७ चा, आयर्लंडमधील डंगॅनन गांवचा. वडील धर्मोपदेशक, ते ती दहा वर्षांची असतांनाच वारले. ती शिक्षिका झाली आणि लंडनजवळ विंबल्डन येथें तिनें स्वतःची शाळा चालविली. १८९५ सालीं लंडनमध्यें तिनें स्वामी विवेकानंदांचें भाषण ऐकलें. हिंदुस्थानांत येऊन स्त्रीशिक्षणाचें काम करण्याची इच्छा तिनें दाखविली, तेव्हां स्वामींनीं १८९७ च्या जुलैंत तिला जें उत्तर पाठविलें तें कोणत्याहि संस्थेनें आपल्या नव्या स्वयंसेवकांना वाचून दाखवावें अशा योग्यतेचें आहे. त्यांनीं तिला गोड आशा दाखविली नाहीं. येथील उकाडा, दारिद्र्य, सोंवळें-ओंवळें, गोऱ्यांचा तिरस्कार आणि काळ्यांचा संशय, यूरोपांतील सुखसोयींचा अभाव, हें सारें आधींच सांगून टाकलें. आणि शेवटीं आश्वासन दिलें कीं, काम तडीस गेलें नाहीं किंवा मध्येंच सोडावेंसें वाटलें, तरी आपण तिच्या पाठीशीं उभे राहूं. श्रोतेहो, ज्या घरून मुलगा अथवा मुलगी अशा कामाला निघते त्या घरानें या दोन्ही गोष्टी द्याव्या : अडचणींचें खरें वर्णन, आणि परत येण्याची मोकळीक. परत येण्याचा रस्ता मोकळा आहे हें ज्याला ठाऊक असतें, तोच बहुधा टिकून राहतो.

२८ जानेवारी १८९८ रोजीं ती कलकत्त्याच्या बंदरांत उतरली. हेंच शहर २००१ पासून कोलकाता या नांवानें ओळखलें जातें. तिला घेण्यासाठीं विवेकानंद धक्क्यावर आले होते. परंतु धक्क्यावर उतरली म्हणून ती शहरांत आली असें नव्हे. पहिले कांहीं आठवडे ती इंग्रजी ओळखीच्या मंडळींत राहिली. मग दोन अमेरिकन स्त्रियांबरोबर गंगेकांठीं बेलूर येथें एका जुन्या घरांत. बंगाली शिकणें सुरू झालें. मार्चच्या ११ तारखेस स्टार थिएटरमध्यें तिचें जाहीर व्याख्यान झालें आणि २५ तारखेस तिला ब्रह्मचर्याची दीक्षा व ‘निवेदिता’ हें नांव मिळालें. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावें कीं दोन महिन्यांत सारें साधलें. नवें नांव, नवा वेष, टाळ्यांचा गजर! पण नव्या शहराशीं खरी गांठ अजून पडावयाची होती.

ती गांठ प्रथम पडली ती तिच्या स्वतःच्या मनाशीं. त्या उन्हाळ्यांत ही मंडळी अलमोड्यास गेलीं. तेथें सकाळच्या बैठकींत विवेकानंद तिच्या एकेका समजुतीवर घाव घालूं लागले. आपण हिंदुस्थानावर प्रेम करतों असें तिला वाटत होतें. परंतु इंग्लंडचें तें सारें न्याय्य आणि चांगलें, हा समज तिच्या मनांत पक्का बसलेला होता, आणि तो समज आहे याचीहि तिला जाणीव नव्हती. ते दिवस तिला अतिशय दुःखाचे गेले. तिनें पुढें स्वतःच तें मोकळेपणानें लिहून ठेवलें आहे. शेवटीं समेट झाला. पण शिकवण राहिली. सेवेला निघालेल्या माणसाच्या सामानांत सर्वांत जड वस्तु कोणती असेल तर ती ही, कीं माझ्या गांवची रीत हीच शहाणपणाची रीत आहे. ही वस्तु कोणत्याहि नाक्यावर तपासली जात नाहीं. ती आपली आपणच उतरवावी लागते, आणि उतरवितांना खांदा सोलून निघतो.

नोव्हेंबरच्या आरंभीं ती कलकत्त्यास एकटी परत आली आणि थेट बागबाजारांत श्रीसारदादेवींच्या घरीं जाऊन उभी राहिली. सारदादेवी या श्रीरामकृष्णांच्या पत्नी, ब्राह्मण विधवा, घरांत आणखीहि जुन्या वळणाच्या स्त्रिया. अशा घरांत परदेशी बाई येऊन राहणें म्हणजे केवढें संकट, याची आज आपणांस कल्पना यावयाची नाहीं. मार्चमध्येंच सारदादेवींनीं या परदेशी बायकांबरोबर बसून खाल्लें होतें आणि तें पाहून जवळच्या मंडळींना आश्चर्य वाटलें होतें. आतां तर मुक्कामच. त्यांनीं तिला घरांत घेतलें. एक शब्द बोलल्या नाहींत. आपल्या राहण्यामुळें या घराला, इतकेंच काय, दूर खेड्यांतील त्यांच्या आप्तांनासुद्धां समाजाकडून त्रास होऊं शकतो, हें निवेदितेला नंतर समजलें. आधीं समजलें असतें तर आपण असा आग्रह धरलाच नसता, असा तिचा पुढचा कबुलीजबाब आहे. आठदहा दिवसांनीं जवळच, बोसपाडा लेनमध्यें १६ नंबरचें लहानसें घर तिच्यासाठीं घेण्यांत आलें.

या प्रसंगाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतों. सेवक नेहमीं आपण काय सोडलें याचा हिशेब करतो : घर सोडलें, पगार सोडला, आवडीचें जेवण सोडलें. परंतु परक्याला दार उघडणाराहि किंमत देत असतो, आणि ती बहुधा न बोलतां देतो. वस्तींतली जी बाई नव्या मुलीला आपल्या ओट्यावर बसवून घेते, तिला चार शेजारणींचे टोमणे ऐकावे लागतात. हें ज्या दिवशीं सेवकाच्या ध्यानांत येतें त्या दिवशीं त्याचा उपकारकर्त्याचा भाव गळून पडतो. त्या दिवसापासून तो खरा शहरांत राहूं लागतो.

निवेदिता निराळ्या घरांत गेली म्हणून नातें तुटलें नाहीं. दुपारीं ती सारदादेवींच्या घरीं जाऊन बसे. कडक उन्हाळा आला तेव्हां, तिच्या घरापेक्षां आपल्याकडे गारवा अधिक म्हणून, रात्रीं झोपावयास इकडेच यावें अशी त्या घरानें तिला आज्ञाच केली. इतर स्त्रियांच्या रांगेंत जमिनीवर चटई टाकून ही विंबल्डनची शिक्षिका झोपूं लागली. व्याख्यानानें जें झालें नाहीं तें त्या चटईनें झालें.

१३ नोव्हेंबर १८९८ रोजीं, कालीपूजेच्या दिवशीं, त्या सोळा नंबरच्या घरांत सारदादेवींच्या हस्तें मुलींची शाळा उघडली. गल्लींतल्या थोड्याशा मुली. शिवण, चित्रें, मातीकाम आणि अक्षरओळख. मुली लवकर लग्नें होऊन जात. घरोघर जाऊन आईबापांची मनधरणी करावी लागे. हें काम नेटानें चाललें होतें, इतक्यांत १८९९ च्या वसंतांत शहरांत प्लेगनें डोकें वर काढलें.

प्लेग म्हटला कीं महाराष्ट्रीय श्रोत्याला पुण्याची आठवण झाल्याखेरीज राहणार नाहीं. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तासाठीं गोरे सोल्जर घराघरांत शिरले. रोग हटविणें हा हेतु कागदावर निर्दोष होता. परंतु देवघरांत बूट गेले, स्त्रियांची विटंबना झाल्याच्या तक्रारी उठल्या, सामान रस्त्यावर आलें. आणि २२ जूनच्या रात्रीं प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. त्याच पुण्यांत त्याच सालीं सावित्रीबाई फुले या रोग्यांना स्वतः उचलून दवाखान्यांत नेत होत्या, आणि त्याच रोगानें १० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. रोग एकच, शहर एकच. परंतु एकाला लोक शत्रु समजले आणि दुसरीला आई. फरक औषधांत नव्हता. दारांतून आंत येण्याच्या रीतींत होता.

कलकत्त्यांत १८९९ च्या मार्चअखेर रामकृष्ण मिशननें प्लेगनिवारणाचें काम हातीं घेतलें. निवेदिता त्याची चिटणीस आणि स्वामी सदानंद हे प्रत्यक्ष देखरेखीला. बागबाजार, श्यामबाजार या भागांतील गल्ल्या आणि गलिच्छ वस्त्या साफ करावयाच्या होत्या. २१ एप्रिलला क्लासिक थिएटरमध्यें ‘प्लेग आणि विद्यार्थ्यांचें कर्तव्य’ या विषयावर ती बोलली. विवेकानंद अध्यक्ष होते, आणि त्यानंतर कांहीं विद्यार्थी कामाला पुढें आले. पण सांगण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. एके दिवशीं गल्ली झाडावयास कोणी मिळेना, तेव्हां तिनें स्वतः खराटा हातीं घेतला. तें पाहून गल्लींतले तरुण शरमले आणि खराटा तिच्या हातांतून त्यांच्या हातीं गेला.

डॉ. राधागोविंद कर यांनीं त्या वेळची आणखी एक हकीकत लिहून ठेवली आहे. एका वस्तींत प्लेगनें आजारी असलेलें मूल त्यांनीं तपासलें. घर ओलसर, हवा नाहीं. मुलाची आई आधींच गेलेली. दुपारीं ते पुन्हां पाहावयास गेले तों निवेदिता त्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेली. घर जंतुरहित करावयाचें म्हणून तिनें स्वतःच शिडीवर चढून भिंतींना चुना लावला. मूल वांचलें नाहीं. शेवटच्या घटकांत तें तिला आपली आईच समजून हांक मारीत होतें.

एवढी हकीकत सांगितल्यावर मी येथेंच थांबलों तर भाषण गोड होईल, पण अपुरें राहील. कारण त्याच सालीं ती शाळा बंद ठेवावी लागली. पैसा संपला होता. १८९९ च्या जूनमध्यें निवेदिता पैसे जमविण्यासाठीं पाश्चात्त्य देशांत गेली ती १९०२ सालीं परत आली, आणि मगच शाळा पुन्हां उभी राहिली. निष्ठा, त्याग, लोकांचें प्रेम, सारें असूनहि शाळा बंद पडते. कारण भाडें भरावें लागतें. धर्मभावनेनें काम करणाऱ्यांना हिशेबाचें बोलणें हलकें वाटतें. परंतु सेवकाचा खर्च कोण करणार, आजारपणांत औषधपाणी कोण पाहणार, तो गेल्यावर काम कोण चालविणार, हे प्रश्न निघण्यापूर्वींच विचारले पाहिजेत. जी संस्था या प्रश्नांनीं रागावते तिच्याबरोबर मूल पाठवूं नये असें माझें स्पष्ट मत आहे.

आपल्या मुंबईंतलें एक उदाहरण याच ओघांत येतें. जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे हे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजांत धर्माचा तौलनिक अभ्यास करून परतले आणि मुंबईंत प्रार्थनासमाजाचे प्रचारक म्हणून काम करूं लागले. तिशीच्या उंबरठ्यावरचा हा पदवीधर वाटला असता तर व्याख्यानें देत सुखानें राहिला असता. पण त्यांनीं आपलें लक्ष अस्पृश्य मानलेल्या समाजाकडे वळविलें आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजीं परळ येथें शाळा उघडून त्या कामासाठीं मंडळी स्थापन केली. त्यांच्या भगिनी जनाबाई याहि त्या कामांत उतरल्या. परळ कांहीं समुद्रापलीकडे नव्हतें. परंतु गिरगांवाहून परळपर्यंतचें अंतर त्या काळीं ट्रामच्या तिकिटावर मोजण्यासारखें नव्हतें. तें ऑक्सफर्डपेक्षां दूर होतें. परकें शहर कधीं कधीं आपल्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला असतें.

आतां आजच्या तरुणांकडे वळूं. या शतकांतहि अनेक धर्मपंथांच्या संस्था वर्षभराच्या सेवेसाठीं तरुणांना पाठवितात. अमेरिकेंतील जेझुइट पंथाच्या स्वयंसेवकांची प्रथा १९५६ सालीं अलास्कांतील एका शाळेच्या कामापासून सुरू झाली. तेथील तरुण एका घरांत मिळून राहतात, आणि चार गोष्टी पाळतात : उपासना, साधी राहणी, सहजीवन आणि सामाजिक न्याय. या चार शब्दांत मला जुना अनुभव मुरलेला दिसतो. तो उलगडून पाहूं.

साधी राहणी कशासाठीं? पुण्य लागतें म्हणून नव्हे. खिशांत पैसे खुळखुळत असले तर माणूस प्रत्येक अडचण विकत घेतलेल्या सोईनें टाळतो. पैसे मोजकेच असले म्हणजे भाजी कोठें स्वस्त मिळते, कोणती बस कोठें जाते, दिवे गेले तर कोणाच्या दारीं मेणबत्ती मागावी, हें शेजाऱ्याला विचारावें लागतें. आणि विचारणें हीच ओळखीची सुरुवात. देणाऱ्याला शेजारी मिळत नाहींत; मागणाऱ्याला मिळतात.

सहजीवन कशासाठीं? दिवसभर दुसऱ्यांचें दुःख ऐकून आलेल्या माणसाला रात्रीं कोणीतरी “आज काय झालें?” असें विचारणारें पाहिजे. पण येथें एक धोका आहे. चार समवयस्क एका छपराखालीं आले कीं तीं आपसांतच रमतात, आणि वर्ष संपतें तरी शेजारचें दार त्यांनीं ठोठावलेलें नसतें. आज दूरध्वनि प्रत्येकाच्या खिशांत आहे. आईशीं रोज बोलतां येतें, तिचें तोंडहि पाहतां येतें. ही मोठी सोय आहे. परंतु जो प्रत्येक संध्याकाळ जुन्या गांवाशीं बोलण्यांत घालवितो त्याची नव्या गांवांत संध्याकाळ होतच नाहीं. निवेदितेची टपाल बोटीनें जाई. त्यामुळें दुपारीं शेजारच्या अंगणांत जाऊन बसण्याखेरीज तिला गत्यंतर नव्हतें. आजच्या मुलांनीं तें गत्यंतर आपण होऊन बंद करावें लागेल. घरच्यांनींहि आठवड्याचा एखादा वार ठरवून घ्यावा आणि मधल्या दिवशीं थोडें सोसावें.

उपासना कशासाठीं? साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यांत एक वेळ अशी येते कीं, नवलाई ओसरते, भाषा तर अजून येत नाहीं, केलेल्या कामाचें फळ दिसत नाहीं, आणि आपण येथें कशाला आलों असें वाटूं लागतें. त्या वेळीं उत्साह उपयोगीं पडत नाहीं. संवय उपयोगीं पडते. ठरलेल्या वेळेची प्रार्थना, जप अथवा नमाज ही अशी संवय आहे. शिवाय परक्या शहरांतील मंदिर, मशीद किंवा चर्च हें पुष्कळदां एकच ठिकाण असें असतें कीं जेथें आपण कोणाचे उपकारकर्ते नसतों, रांगेंतले एक असतों.

आणि न्याय? तो शब्द या सर्वांना भानावर ठेवतो. जेन ॲडम्स यांनीं १८९२ सालीं एका व्याख्यानांत प्रांजळपणें सांगितलें कीं, अशा घरांची गरज जितकी गरिबांना आहे तितकीच सुशिक्षित तरुणांनाहि आहे. शिकून निरुपयोगी झाल्याची त्यांची खंत येथें भागते. हें कबूल करणें जरूर आहे. वर्षभर राहून येणारा तरुण वस्तीचें दारिद्र्य घालवीत नाहीं. त्याच्या जाण्यायेण्यानें गटार बांधलें जात नाहीं आणि भाडें कमी होत नाहीं. उलट, दरवर्षीं नवा चेहरा येतो, मुलें त्याला जीव लावतात, आणि तो निघून जातो. त्या मुलांच्या मनाचा विचार कोणी करावयाचा? म्हणून मी म्हणतों, जातांना कामाची वही दुसऱ्याच्या हातीं द्यावी, मुलांना जाण्याची तारीख आधीं सांगावी, आणि पत्र पाठवीन असें म्हटलें असेल तर तें पाठवावें. मग शिकलेलें जन्मभर वापरावें. त्या जेझुइट स्वयंसेवकांत एक थट्टेचें वाक्य रूढ आहे : या वर्षानें आम्ही ‘जन्माचे बिघडलों’. म्हणजे, गटाराचा वास विसरून पुन्हां गाडींतून जाणें आतां आम्हांला जमणार नाहीं. मला वाटतें, या वर्षाचें खरें फळ हें आहे. ॲटलींच्या बाबतींत तें अंशतः तरी असेंच झालें. तरुणपणीं पाहिलेल्या पूर्व लंडननेंच त्यांना समाजवादाकडे वळविलें.

निवेदिता वर्षासाठीं आली नव्हती. ती त्या गल्लीचीच झाली, आणि १३ ऑक्टोबर १९११ रोजीं दार्जिलिंग येथें अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास वारली. तिची शाळा आजहि बागबाजारांत तिच्या नांवानें चालू आहे. सर्वांना इतकें साधणार नाहीं, आणि साधावें असा आग्रहहि नको. पण ती ज्या क्रमानें गेली तो क्रम लहानांतल्या लहान सेवकालाहि उपयोगाचा आहे : आधीं ऐकणें, मग आपल्या समजुती उतरविणें, मग दुसऱ्याच्या घरीं चटईवर झोपणें, आणि त्यानंतर खराटा हातीं घेणें. आपण पुष्कळदां खराट्यापासून सुरुवात करतों, आणि मग गल्ली आपल्याकडे संशयानें कां पाहते याचें नवल करतों.

शेवटीं त्या आईच्या प्रश्नाकडे येतों. मुलगी परवां निघाली. आईनें डब्यांत लाडू दिले आणि ट्रंकेंत एक जादा चादर घातली. निघतांना पुन्हां तोच प्रश्न ओठांवर आला असावा, पण तिनें विचारला नाहीं. विचारला असता तर मीं एवढेंच सांगितलें असतें : १८९८ च्या जानेवारींत कलकत्त्याच्या धक्क्यावर उतरलेल्या बाईचेंहि त्या शहरांत गुरुखेरीज कोणी नव्हतें. त्याच वर्षीं बागबाजारांतली एक निरक्षरप्राय ब्राह्मण विधवा, जिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, ती तिला ‘खुकी’ म्हणूं लागली. खुकी म्हणजे बंगालींत लहान मुलगी, आपल्याकडची छकुली. तीस वर्षांच्या परदेशी बाईला कोणीतरी छकुली म्हणून हांक मारली, तेव्हां तिचें त्या शहरांत कोणीतरी झालें.

तिथें तिचें कोण आहे? आज कोणी नाहीं. ताप येईल त्या रात्रीं उशाशीं कोण बसेल, हें त्या शहरांतली एखादी बाई ठरवील. आणि ती बाई भेटेपर्यंत ओट्यावर जाऊन बसत राहणें, एवढेंच त्या मुलीच्या हातीं आहे.